बकिया तिलिस्म

गेल्या रमजान ईदला भाचा मेहकरला आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ईदच्या दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर पुढच्या खोलीत उजेड दिसला. हा पठ्ठ्या कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर गेम खेळत बसलेला. मला बघून रागवायच्या ऐवजी खूश झाला. म्हणाला, “मामू, इधर आओ. देखो, हमारेवाले आए.”

मी चष्मा लावून वाकलो. पांढऱ्या केसांचा, पाठीवर दोन तलवारी बांधलेला एक दणकट गडी शहराच्या गटारात एका अजस्र बेडकाशी लढत होता. बेडूक मेला आणि त्याचा माणूस झाला. हा माणूस ऑफिर नावाच्या दूरच्या देशाचा शहजादा, कुणाच्या तरी शापाने बेडूक झालेला. मग त्याचे शिपाई आले. त्यांचे पोशाख, वळणदार तलवारी आणि बोलण्याची ढब पाहून कुणीही ओळखावं की हे अरबस्तान-इराणच्या कल्पनेवर बेतलेले लोक आहेत.

“आए, लेकिन मेंडक बनके आए,” असं म्हणून भाचा हसला.

मीही हसलो आणि त्याच्या शेजारी बसलो. फजरची अजान झाली तेव्हा कुठे उठलो. गेम मला फारसा कळला नाही. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्रांनी त्या गेमबद्दल जे वाद घातले, ते मला फार ओळखीचे वाटले. अगदी तसेच वाद मी लहानपणी याच घराच्या ओट्यावर ऐकले होते. हा लेख त्या दोन वादांबद्दल आहे.

आधी गेमविषयी. ‘द विचर 3’ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा गेम 19 मे 2015 रोजी आला. गेराल्ट नावाचा एक भाडोत्री राक्षसमाऱ्या, त्याची हरवलेली मानसकन्या सिरी आणि तिच्या मागे लागलेली भुतांची फौज, एवढंच मुख्य कथानक. पण त्या कथानकाभोवती गावं, जंगलं, बेटं, बाजार आणि माणसांचे शेकडो तंटे पसरलेले आहेत. खेळाडूने कुठे जायचं, कुणाचं काम हाती घ्यायचं, कुणाला माफ करायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. याला रोल-प्लेइंग म्हणतात. म्हणजे सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या अकलेनं वागायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ हा पहिला वाढीव भाग आला आणि 31 मे 2016 रोजी ‘ब्लड अँड वाइन’ हा दुसरा. मूळ गेम घेतलेल्यांनी हे भाग वेगळे पैसे मोजून घ्यायचे. पहिला साधारण दहा तासांचा, दुसरा वीस तासांचा, असं कंपनीनंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचे तीन मित्र शीरखुर्मा खायला आले. दोघं मेहकरचे, एक लोणारचा. विषय निघाला आणि तासभर थांबला नाही. मी कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो.

लोणारच्या पोराचं म्हणणं असं की, या गेममध्ये लढाईला काही दम नाही. तेच ते उड्या मारणं, तेच ते वार. गेराल्टला वळवायला गेलं तर तो बैलगाडीसारखा वळतो. (सुरुवातीला ही तक्रार जगभर झाली होती. कंपनीला पुढे चालण्या-वळण्याची दुसरी पद्धत सुधारणेतून द्यावी लागली.) दुसऱ्याची तक्रार स्केलिगे नावाच्या बेटांबद्दल. तिथल्या समुद्रभर नकाशावर प्रश्नचिन्हं पेरलेली आहेत. होडी हाकत एकेकापाशी जायचं, तर प्रत्येक ठिकाणी चोरट्या मालाचे तेच पिंप. “टाइमपास आहे काका, नुसती भरती,” तो मला म्हणाला. मी ऐकतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं. तिसरा म्हणाला, पोरगी जिवाच्या आकांतानं पळतेय आणि बाप गावोगावच्या खानावळीत पत्ते कुटत बसलाय, हे पटत नाही. त्यावर भाचा म्हणाला की ते पत्तेच तर या गेममध्ये सगळ्यात भारी आहेत. या पत्त्यांना ग्वेंट म्हणतात. लोकांना ते इतके आवडले की कंपनीनं पुढे त्यांचा वेगळा गेम काढला.

एवढ्या तक्रारी करून चौघंही हा गेम पुन्हा पुन्हा खेळतात. का, तर त्यातल्या माणसांसाठी. वेलेन या दलदलीच्या मुलखात एक दारुडा सरदार आहे. त्याची बायको-मुलगी घर सोडून गेलेली. तुम्ही त्यांना शोधायला निघता आणि हळूहळू कळतं की, हा माणूस बायकोला मारायचा. आता त्याचा राग करायचा की कीव? खेळाडूंना विचाराल तर दहापैकी आठ जण याच प्रकरणाचं नाव घेतील, असं भाचा म्हणाला.

खरा वाद वाढीव भागांवर. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मध्ये नवा मुलूख फारसा नाही. त्याच नकाशाचा एक कोपरा थोडा रुंद केलेला. ऑफिरचा एक कारागीर येतो, तो शस्त्रांवर मंतरलेली अक्षरं कोरून देतो. पण त्याचं दुकान उभं करायला तो आधी पाच हजार मोहरा मागतो, मग दहा हजार, मग पंधरा हजार. “आपल्याच माणसानं लुटलं,” यावर चौघांचं एकमत. मात्र गोष्ट जबरदस्त. ओल्गिएर्ड नावाच्या एका सरदारानं गॉन्टर ओ'डिम नावाच्या गोडबोल्या फिरस्त्याशी करार केलेला असतो. करारानं त्याला अमरपण मिळतं, पण काळीज दगडाचं होतं. बायकोवरची मायासुद्धा आटते. हा फिरस्ता कोण, हे गेम शेवटपर्यंत सरळ सांगत नाही. ‘ब्लड अँड वाइन’मध्ये याउलट अख्खा नवा देश. द्राक्षमळे, रंगीत हवेल्या, रक्तपिपासू पिशाच्चं आणि शेवटी गेराल्टला राहायला स्वतःचा मळा. 2016 च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचा पुरस्कार मिळाला तो या वाढीव भागाला. मूळ गेम नसताना नुसत्या पुरवणीला असा मान मिळणं हे नवलच होतं.

भाच्याला पहिला भाग मोठा वाटतो. लोणारच्या पोराला दुसरा. “त्यात गेराल्ट घरी जातो,” एवढंच तो म्हणाला. पण ज्या गोष्टीवर चौघंही चिडतात ती आणखी जुनी आहे. 2006 साली ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या अमेरिकन गेमच्या कंपनीनं घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. गोष्ट नाही, मुलूख नाही, फक्त दिखाऊ चिलखत. खेळाडूंनी त्याची अशी काही रेवडी उडवली की आजही कुणी फालतू पुरवणी विकली की घोड्याच्या चिलखताचं नाव निघतं. ही पोरं तेव्हा अंगणवाडीतही नव्हती, तरी त्यांना तो किस्सा पाठ.

आता ओट्याकडे येतो.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पेशानं शिंपी. उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. पण त्यांच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे तीन जाडजूड खंड होते. ते कुठून आणले कुणास ठाऊक. जुम्मेरातीला रात्री ईशाच्या नमाजनंतर ओट्यावर कंदील लागायचा आणि दादा वाचायला बसायचे. ऐकायला मोहल्ल्यातले सात-आठ जण. त्यात एक तेली काका, एक रिटायर हवालदार आणि समोरच्या गल्लीतले एक गुरुजी. गुरुजींना उर्दू वाचता यायची नाही, पण कळायची सगळी. दादा मध्येच एखादा फारसी शब्द आला की वऱ्हाडीत फोड करून सांगत.

आणि हे ऐकणारे गप्प बसणारे नव्हते. लढाईचं वर्णन लांबलं की तेली काका म्हणत, “हे कापाकापी पुढे ढकला मियाँ, अमर अय्यारचं काय झालं ते सांगा.” हवालदाराला उलट लढाईच हवी. बागेची आणि मैफिलीची वर्णनं आली की तो बिडी पेटवून खाली उतरायचा. दास्तानचे जाणकार तिचे चार रंग सांगतात. रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे जादूचा बंदिस्त मुलूख आणि अय्यारी म्हणजे चलाखी, वेषांतर, हेरगिरी. आमच्या ओट्यावर या चारही रंगांचे वेगवेगळे पक्ष होते, फक्त त्यांना ही नावं माहीत नव्हती. “भरती आहे” ही तक्रार मी पहिल्यांदा तेली काकांच्या तोंडून ऐकली. त्यांचा शब्द होता ‘भूस’.

अमीर हमजाची ही दास्तान मुळात इराणकडून आली. नायक हजरत हमजा, पैगंबरांचे चुलते. पण दास्तानमधला हमजा इतिहासातला राहिलेला नाही. तो परींच्या मुलखात जातो, देवांशी म्हणजे राक्षसांशी लढतो. हिंदुस्थानात तिचा सर्वांत मोठा चाहता निघाला बादशहा अकबर. त्यानं 1562 च्या आसपास तिची चित्रं काढायला घेतली आणि मीर सय्यद अली व अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली हे काम पंधराएक वर्षं चाललं. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलंय की बारा खंडांत चौदाशे प्रसंगांची चित्रं झाली. आज त्यातली दोनशेही उरलेली नाहीत. काही चित्रं तर एकोणिसाव्या शतकात श्रीनगरमध्ये खिडक्या झाकायला वापरलेली सापडली.

याच ‘आईन’मध्ये आमचं मेहकरही आहे. वऱ्हाड सुभा 1596 मध्ये मोगलांकडे आला आणि त्याच्या वर्णनात मेहकर ही एक सरकार म्हणून येते. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग. शेजारच्या लोणारबद्दल अबुल फजल सांगतो की, तिथे काच आणि साबण बनवायला लागणारी सामग्री मिळते आणि सोऱ्याचं चांगलं उत्पन्न आहे. हमजाची चित्रं आणि लोणारचा क्षार एकाच पुस्तकात आहेत, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. शाळेत आम्हाला दोन्ही कुणी सांगितलं नाही.

दास्तान खरी वाढली ती लखनौला. मुन्शी नवलकिशोर यांचा छापखाना 1858 साली निघाला. त्यानं 1871 मध्ये अब्दुल्ला बिलग्रामींची एकखंडी अमीर हमजा काढली, ती धो धो खपली. मग 1883 पासून तोंडी दास्तान सांगणाऱ्यांनाच पगारावर बसवून लिहून घ्यायला सुरुवात झाली. शेवटी मालिका 46 खंडांवर गेली, आणि बरेच खंड हजाराच्या आसपास पानांचे. ‘होशरुबा’ हा यातला सर्वांत गाजलेला तुकडा. तो फारसीतल्या जुन्या ग्रंथाचा अनुवाद आहे, अशी बतावणी लेखकांनी केली. पण होशरुबाचा तिलिस्म फारसीत नाहीच. तो लखनौच्या दास्तानगोंनी इथे रचला. म्हणजे मूळ इराणी गोष्टीला हिंदुस्थानी कलाकारांनी जोडलेला हा वाढीव भाग, आणि तोच मूळ गोष्टीपेक्षा मोठा झाला.

त्यातही पुढे गंमत आहे. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी 1890 पर्यंत लिहिले. मग त्यांचं आणि छापखान्याचं बिनसलं. पुढचे खंड अहमद हुसेन कमर यांच्याकडे गेले आणि 1893 पर्यंत पुरे झाले. कमर स्वतःची तारीफ करण्यात कधी कमी पडले नाहीत. जाह यांनी आपला पाचवा खंड वेगळा काढायला घेतला. वाचकांत तट पडले. भाषा जाहची की धडाका कमरचा, हा वाद उर्दूच्या जाणकारांत अजून मिटलेला नाही. होशरुबा संपला, तरी लोकांची भूक भागेना. मग कमर यांनी आणखी दोन खंड लिहिले. त्यांचं नावच ‘बकिया तिलिस्म-ए-होशरुबा’. बकिया म्हणजे उरलेलं, बाकी राहिलेलं. भाच्याला हे नाव सांगितलं तेव्हा तो उडालाच. “मामू, ये तो सीधा डीएलसी है!” डीएलसी म्हणजे मागाहून उतरवून घ्यायची पुरवणी.

मग मी त्याला जंबील सांगितली. अमर अय्यारकडे एक झोळी असते, जंबील नावाची. तीत हवं ते मावतं. खजिना, तंबू, घोडे, माणसं, अख्खी शहरं. कधी भरत नाही. गेराल्टच्या झोळीला मात्र वजनाची मर्यादा आहे. जास्त तलवारी उचलल्या की तो धावू शकत नाही, आणि खेळाडू याच्या नावानं खडे फोडतात. भाचा विचार करून म्हणाला, जंबील असती तर गेम फारच सोपा झाला असता. हे मला दादांनाही विचारता आलं असतं. अमरकडे जंबील असताना गोष्टीत गंमत कशी टिकते? त्याचं उत्तर दास्तानमध्येच आहे. अमर इतका कंजूस की झोळीतून काही काढायची त्याला शुद्ध नको असते.

आणखी एक किस्सा. अठराव्या शतकात मीर तकी खयाल नावाचे गृहस्थ दिल्लीत एका कहवाखान्यात अमीर हमजाची दास्तान ऐकायला जात. तिथे त्यांची टर उडवली गेली, असं सांगतात. चिडून त्यांनी स्वतःची दास्तान रचायला घेतली. ती ‘बोस्तान-ए-खयाल’ या नावाने फारसीत कितीतरी खंडांची झाली. पुढे तिचा उर्दू तर्जुमा झाला, तेव्हा प्रस्तावना लिहिली मिर्झा गालिबनं. गालिब दोन्ही दास्तानांचा शौकीन. हमजा आणि बोस्तानचे खंड घरी आल्याचा आनंद त्यानं पत्रात कळवलाय. त्या कहवाखान्यात श्रोत्यांनी मत दिलं नसतं तर ही दास्तान झालीच नसती. गोष्ट चांगली की वाईट हे ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्याला होता, तोंडावर, मोठ्या आवाजात. मुन्शी प्रेमचंद गोरखपूरला शाळकरी पोर असताना एका तंबाखूवाल्याच्या दुकानावर असेच होशरुबा ऐकायला बसत.

मग हे सगळं गेलं कुठे?

सोपं उत्तर म्हणजे सिनेमा आला, रेडिओ आला. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली 1928 मध्ये वारले. अखेरच्या काळात ते सुपारी विकत. पण मला हे उत्तर अर्धं वाटतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा पोलंडला जावं लागतं.

विचरच्या गोष्टी मूळ आंद्रजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या. पहिली कथा 1986 मध्ये एका मासिकात आली. हा गेम बनवणारी कंपनी 1994 मध्ये निघाली ती गेम विकायला. तेव्हा पोलंडमध्ये बाजार होता चोरट्या सीडींचा. या लोकांनी ठरवलं की, ‘बाल्डर्स गेट’ हा कॅनडात बनलेला गेम पोलिश भाषेत आणायचा. नुसत्या पाट्या बदलायच्या नाहीत, तर देशातले नावाजलेले नट घेऊन सगळे संवाद पोलिशमध्ये बोलून घ्यायचे. 1999 मध्ये तो आला आणि पहिल्याच दिवशी 18,000 प्रती बाजारात गेल्या. आपल्या भाषेत गेम मिळतो म्हटल्यावर लोकांनी चोरीचा माल सोडून पैसे मोजले. त्या जोरावर पुढे स्वतःचा गेम बनवायची हिंमत झाली. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मधला तो करार म्हणजे पान त्वार्दोव्स्कीची पोलिश दंतकथा. या क्राकोच्या सरदारानं सैतानाला आत्मा विकला, पण अट घातली की तो रोममध्येच न्यायचा. सैतानानं त्याला ‘रोम’ नावाच्या खानावळीत गाठलं. लोककथेत हा सरदार शेवटी चंद्रावर जाऊन बसतो. गेममध्येही करार चंद्रावर पुरा व्हायचा असतो, आणि सैतान ओल्गिएर्डला फरशीवर चितारलेल्या चंद्रावर उभा करतो. पोलंडच्या पोरांनी ही गोष्ट आजीकडून ऐकलेली. ती गेममधून जगभर गेली आणि मेहकरात माझ्या भाच्याला पाठ झाली.

याचा हेवा वाटला, हे कबूल करतो. कारण गोष्टींची कमतरता आमच्याकडेही नाही. मेहकर हे नावच मेघंकर दैत्यावरून पडलं असं सांगतात. त्याला मारणारा शारंगधर बालाजी काळ्या पाषाणाच्या भव्य मूर्तीत गावात उभा आहे. लोणारला लवणासुर. अशनीच्या आघातानं झालेलं ते पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर आणि त्यातलं खारं पाणी, त्याच्याबद्दल दैत्याची गोष्ट सुचली नसती तरच नवल. आणि कंचनीचा महाल. माझी आजी सांगायची ती गोष्ट अशी. कंचनी कलावंतीण. तिला असा उंच महाल हवा होता की गच्चीवरून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा. मजल्यावर मजला चढत गेला. शेवटी देवी कोपली आणि कंचनीचा दगड झाला. आजी नमाजी बाई, पण देवीच्या कोपाचा भाग सांगताना तिचा आवाज खाली यायचा. महालाचे अवशेष गावात आहेत. आमच्या मेहकरात वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे, ‘शीळ’वाले, यांनी ‘कंचनीचा महाल’ नावानं दीर्घ कविता लिहिली. भाच्याला ना. घ. माहीत नव्हते. महाल माहीत होता, तिथे पोरं क्रिकेट खेळायला जातात म्हणून.

नाही म्हणायला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ काढला. जत्रेत कसरती करणारी एक पोरगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते, अशी गोष्ट. जगाच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याचं नामांकन झालं होतं. चौघांनी तो खेळलाय. रंग, इमारती, संगीत यांवर फिदा आहेत. तक्रार एकच, पाच-सहा तासांत संपतो, तोही अधांतरी. “भूक लागली आणि ताट काढून घेतलं,” लोणारचा पोरगा म्हणाला. हीसुद्धा एक प्रकारची दादच.

पण आमच्या घरचं दुखणं वेगळं आहे, ते सांगतो. अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं. नोकरी हवी तर मराठी हवी, हा त्यांचा हिशेब. तो चुकला असं मी म्हणणार नाही. मी मराठीत लिहितो, मराठीत भांडतो, स्वप्नंसुद्धा बहुतेक मराठीतच पडतात. उर्दू मात्र कानापुरती राहिली. कुराण शिकताना अक्षरओळख झाली, पण ती अरबी नस्ख वळणाची, ठसठशीत, जेर-जबर लावलेली. लखनौचे ते दगडछाप खंड नस्तालीकमध्ये, अक्षरावर अक्षर चढलेली, मात्रा गायब. दादा 1983 मध्ये गेले. ट्रंक माळ्यावर गेली. मी चाळीसेक वर्षं ती उघडली नाही. वाचता येत नाही हे स्वतःला कळू द्यायचं नव्हतं, दुसरं काय. घरात मुशायऱ्याची बात निघाली की मी मोठमोठ्यानं बोलायचो, आणि माळ्याकडे बघायचं टाळायचो.

भाच्याची पिढी आणखी पुढे गेली. त्याला ती अक्षरओळखही जेमतेम. पण पोलंडच्या दंतकथा इंग्रजीतून पाठ. यात त्याची काही चूक नाही. त्याच्यापर्यंत जी गोष्ट पोचली, ती त्यानं मनापासून घेतली आणि तिच्यावर मत दिलं. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला 1861 मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकर पुढे आले, मुलगा विष्णुशास्त्री यांनी त्या पुऱ्या केल्या. ती अलिफ लैला मराठी घराघरांत गेली. होशरुबाला मराठीत असा कुणी चिपळूणकर मिळाला नाही. तो आमच्यातून निघायला हवा होता. दोन्ही भाषा घरात असलेले आम्हीच होतो. हिंदीत देवकीनंदन खत्रींनी अय्यार आणि तिलिस्म उचलून ‘चंद्रकांता’ रचली, तिच्या संततीचे 24 भाग केले. ‘भूतनाथ’ त्यांच्या मृत्यूमुळे अर्धा राहिला, तो मुलगा दुर्गाप्रसाद यांनी पुरा केला. 1994 मध्ये दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ लागायची तेव्हा मेहकरचे रस्ते ओस पडायचे. त्यातल्या अय्यारांना बघून अब्बा एकदा म्हणाले होते, “ये तो अपने अब्बा की ट्रंकवाले हैं.” पण ट्रंक उघडायला तेव्हाही कुणी उठलं नाही.

ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही ती खाली काढली. तीनपैकी एक खंड वाळवीनं पार खाल्लेला. दुसऱ्याची सुरुवातीची पानं नाहीत. तिसरा बरा आहे. मलपृष्ठावर आतून दादांनी शिवणकामाचे हिशेब पेन्सिलीनं लिहिलेत, दोन पायजमे, एक सदरा, बाकी सव्वा रुपया. भाच्यानं फोनवर शोधलं तर सगळे खंड इंटरनेटवर छायाचित्र करून ठेवलेले निघाले. 46 पैकी एकेक खंड हुडकून पूर्ण संच जमवणारे शम्सुर्रहमान फारुकी 2020 मध्ये गेले. त्यांनी आणि महमूद फारुकींनी मिळून 2005 मध्ये दिल्लीत दास्तानगोई पुन्हा उभी केली होती. तिचे कार्यक्रमही यूट्यूबवर निघाले. ते ऐकत ऐकत पान बघितलं की अक्षरं थोडी सुटी होतात, हे आम्हाला अपघातानेच कळलं.

आता दर जुम्मेरातीला रात्री साडेनऊला भाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल लावतो. लोणारचा पोरगा इथेच असतो, तो येऊन बसतो. मी वाचतो. दादा तासाला वीस पानं वाचत, माझं एक पान होतं. अडलेला शब्द मी मोठ्यानं फोडतो, भाचा शब्दकोशात शोधतो आणि लोणारचा पोरगा मराठीत एका वहीत उतरवून घेतो. गेल्या खेपेला अफरासियाब जादूगाराच्या बागेचं वर्णन लागलं. सव्वा पान नुसती फुलांची नावं. वही घेऊन बसलेला म्हणाला, “काका, हे स्किप होत नाही का?”

भाचा तिकडून ओरडला, “कायको स्किप? उसके नीचे लिखा होगा ना, दरवाजा किधर है.”

फुलांची अजून अकरा नावं बाकी आहेत.